मोहुर्ले सरांचं ‘छान’

मोहुर्ले सरांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी दोनदाच ऐकला. एकदा त्यांच्या ओसरीवर आणि एकदा चामोर्शीच्या बसस्टँडवर. एरवी त्यांचा शब्द ठरलेला असायचा, ‘सरासरी’. चहा सरासरी, पाऊस सरासरी, प्राचार्यांचं भाषण सरासरी. एकदा विद्यापीठात नंबर काढलेली मुलगी पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. सरांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाले, “सरासरी.” हे पेढ्याला म्हटलं की आपल्या निकालाला, या विचारात ती बिचारी पाया पडायचंच विसरली.

मी मराठी शिकवणारा माणूस, नोकरीसाठी वर्धेकडून इकडे आलेला. कॉलेजात रुजू झालो तेव्हा मला मोहुर्ले सरांच्या शेजारची खुर्ची मिळाली. खिडकीजवळची, पंख्याखालची, उत्तम खुर्ची. नव्या माणसाला एवढी चांगली जागा कशी दिली याचं मला आश्चर्य वाटलं होतं. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसायला तयारच नव्हतं, हे मला पुढे कळलं.

सर कॉमर्सच्या मुलांना सांख्यिकी शिकवत. उंच, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात फोडलेले चिंचोके. सारीपाटासारखे खेळ खेळताना फासे म्हणून टाकतात ना, तसे अर्धे केलेले, एका बाजूने काळे, एका बाजूने पांढरे. चालताना ते खुळखुळत. मुलं म्हणायची, सर येण्याआधी सरांचा खिसा येतो.

त्यांच्या वर्गात गणितं कमी आणि भांडणंच जास्त. ‘अमक्यामुळे तमकं झालं’ असं कोणी म्हटलं की सर त्याला उभा करत. “आधी कोंबडं आरवलं, नंतर सूर्य उगवला. कोंबडं कापलं तर उद्या उजाडणार नाही का?” एकदा जंगलालगतच्या गावचा एक विद्यार्थी सांगत होता की वाघ समोर आला तर जोरात टाळ्या वाजवायच्या, वाघ पळतो, त्याच्या गावातली किती तरी माणसं अशीच वाचलीत.

“कोणी सांगितलं तुले?” सरांनी विचारलं.

“ज्याईनं वाजवल्या त्याईनंच सांगितलं ना सर.”

“आणि ज्यानं टाळ्या वाजवल्या, पण वाघ पळाला नाई, तो आला होता का सांगाले?”

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. “जो आला नाई त्याले आधी विचारा,” ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते मनातल्या मनात त्यांनाच लावून पाहत असे, कारण गावात कुठेही जा, बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, तिथं न आलेला माणूस म्हणजे मोहुर्ले सर.

त्यांना कोणी बोलवतच नसे. सरांची नजर लागते, अशी चामोर्शीत त्यांची ख्याती होती.

ही ख्याती त्यांच्या घरमालकाच्या बैलांपासून सुरू झाली. घरमालक नामदेवभाऊ धानाचे शेतकरी, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन. एका पटात त्यांची जोडी अशी पळाली की माईकवरचा माणूससुद्धा ओरडायचा थांबला. सर तेव्हा इथं नवीनच होते. ते पुढे झाले, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “छान! फारच छान!” पुढच्या पटात तीच जोडी दाणीवरून, म्हणजे धावपट्टीवरून, बाहेर गेली आणि एक बैल लंगडायला लागला. नामदेवभाऊंच्या बायकोने, ताराबाईंनी, दुसऱ्याच दिवशी गोठ्यात काळा दोरा बांधला. त्याच हिवाळ्यात गावात झाडीपट्टीचं नाटक आलं. त्यातल्या गाणाऱ्या नटाला सरांनी बक्षीस दिलं, माईकवरून नाव पुकारलं गेलं, आणि पुढच्या मुक्कामी त्या नटाचा गळा बसला. मग वर्गातला हुशार मुलगा. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, पुढच्या परीक्षेत तो घसरला. गावाला एवढे मणी पुरेसे होते, माळ लोकांनी ओवून घेतली. सरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, इथं येण्याच्या कितीतरी आधी. कोणीतरी तीही त्या माळेत ओवली. “तिलेही छानच म्हणत असन,” असं पानठेल्यावर बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे. बोलणाऱ्याला त्यात काही वाईट वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

सरांना हे सगळं माहीत होतं. त्यामागचं कारणही त्यांना इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं, कारण ते तेच शिकवत होते. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. एकदा माझे विद्यार्थी सहलीला गेलेले, म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सरांनी प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले आणि टेबलावर टाकायला लावले. ज्यांचे पांढरे जास्त पडले त्यांना उभं करून सरांनी तोंडभरून शाबासकी दिली. ज्यांचे काळे जास्त, त्यांना असं झापलं की दारात मीसुद्धा ताठ झालो. मग म्हणाले, आता पुन्हा टाका. झालं ते उलटंच. शाबासकी मिळालेले बहुतेक खाली आले, शिव्या खाल्लेले बहुतेक वर गेले.

“आता सांगा,” सर म्हणाले, “चिंचोक्याले माझी नजर लागली का?”

मुलं हसून हसून बाकांवर पडली. सर फळ्याला टेकून शांतपणे सांगत होते, की आपण कोणाला छान म्हणतो ते तो नेहमीपेक्षा वर असतो तेव्हाच. त्यानंतर तो आपल्या नेहमीच्या जागी येणारच. आपण मात्र म्हणतो, छान म्हटल्याने पडला. आणि रागावतो ते तो नेहमीपेक्षा खाली गेलेला असतो तेव्हा, तोही परत वरच येणार. आपण म्हणतो, रागावल्याने सुधारला. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत बरोबर लिहिलं. आणि घरी जाऊन आईला सांगितलं असेल, तरी आईने मीठ-मोहऱ्या ओवाळायचं काही सोडलं नाही.

या समजुतीचा दुसरा अर्धा भाग आणखीच अजब होता. सरांच्या शाबासकीने पोरं पडतात, तर सरांच्या शिव्यांनी पोरं वर चढतात, हाही गावाचा अनुभव होता. त्यामुळे परीक्षा जवळ आली की आईबाप नापास होणारी पोरं धरून सरांच्या ओसरीवर आणत. “सर, याले थोडं झोडा ना जी तोंडानं. तुमच्या शिव्या बहुत लागू पडतेत.” सर आधी समजावून सांगायचे, मग कंटाळून झापायचे, आणि पोरगं पास व्हायचं. मी थट्टेने म्हणायचो, सर, तुमचा दवाखाना चांगला चालतो. ते म्हणायचे, “सरासरी.” पण त्या पोरांच्या पास झाल्याच्या पेढ्यांचं पुडकं त्यांच्याकडे कधी येत नसे. शिव्या द्यायला सगळे बोलवायचे, जेवायला कोणी बोलवायचं नाही.

मी रुजू होण्याआधीच त्यांनी हळूहळू ‘छान’ म्हणणं सोडलं होतं. मी त्यांच्याशी यावर भांडलोसुद्धा. म्हटलं, तुम्हीच असं केलं तर तुमच्या चिंचोक्यांचा काय उपयोग? ते म्हणाले, “मी म्हणतो नि माणसं महिनाभर जीव मुठीत धरून बसतात. कशाला? त्यांची झोप माझ्या शास्त्रापेक्षा मोठी आहे.” मग म्हणाले, “बायकोला मी फारसं छान म्हटलंच नाही कधी. म्हणायला पाहिजे होतं.” त्यांच्या बायकोबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं माझ्याकडे एवढंच आहे.

गावात एकच माणूस सरांकडे सरळ जात-येत असे. नामदेवभाऊंची मुलगी लता. सर मागच्या दोन खोल्यांत राहत, दोन्ही घरांचं अंगण एकच, मध्ये कमरेएवढी भिंत आणि लाकडी फाटक. लता त्या फाटकावर झोके घेत मोठी झाली. चिंचोक्यांवर बेरीज शिकली, पुढे सरांच्याच वर्गात बी.कॉम. झाली. दर परीक्षेनंतर गुणपत्रिका नाचवत ओसरीवर यायची. “सर, आता तरी म्हणा.” सर म्हणायचे, “सरासरी.” ती पाय आपटून परत जायची आणि आतून ताराबाईंचा सुटकेचा श्वास ऐकू यायचा. ताराबाई बाई वाईट नव्हत्या. सणाला सरांच्या दारी वाटीभर खीर पोचवायच्या. फक्त ती ओसरीच्या पायरीवर ठेवून हाक मारायच्या आणि निघून जायच्या.

लताचं लग्न मूल गावी झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. सरांची निवृत्ती तेव्हा जवळ आली होती.

त्या दिवसांत मी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. भिंतीपलीकडे बाळ रडायचं आणि सर बोलता बोलता थांबायचे. त्यांनी ते लेकरू अजून पाहिलं नव्हतं. ताराबाई बाळाला उन्हात घेऊन बसत ती वेळ सरांची अंगणातल्या न्हाणीत अंघोळीची. सरांनी अंघोळ पहाटे हलवली. कपडे वाळत घालायचं दुपारवर नेलं. स्वतःच्याच घरात माणूस असा चोरासारखा वावरताना पाहून मला गलबलून यायचं. मी बाळ पाहून आलो तर मला विचारायचे, “नाक कोणाचं आहे?”

“लताचं.”

“केस?”

“भरपूर. काळेभोर. आणि झोपेत हसते इतकी…”

“पुरे,” ते हात वर करून म्हणायचे. जणू मी सांगितलेलं ऐकूनसुद्धा नजर लागेल.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो होतो. फाटक वाजलं. लता बाळाला घेऊन आत आली आणि सरांच्या समोर येऊन बसली. सर उठून उभेच राहिले.

“तुझी आई कुठी आहे?”

“बाजारात गेली.”

“मंग जा तू घरी.”

“नाई जात,” लता म्हणाली. बाळाच्या गालावर काजळाची मोठी तीट होती. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि ती पुसून टाकली. “तुमीच शिकवलं ना सर मले? चिंचोके घेऊन शिकवलं. मंग माह्या पोरीले काऊन नाई पाहत तुमी? घ्या.”

सरांनी बाळ घेतलं. त्यांना लेकरू धरता येत नव्हतं, हात ताठ झाले होते. ते कितीतरी वेळ बघत राहिले. बाळाचा हात त्यांच्या खिशावर आपटला, चिंचोके वाजले, आणि ते हसलं.

“म्हणा ना सर. एकडाव म्हणा.”

“छान आहे,” सर म्हणाले. “खूप छान आहे गं, लता.”

मी उठून उगाच कपबश्या विसळायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत नर्सबाई येणार होत्या, दीड महिन्याच्या लेकरांना लसीच्या तीन सुयांपैकी पहिली द्यायला. ताराबाईंचा या सुईला पहिल्यापासून विरोध. त्यांच्या भावाच्या नातवाला सुईनंतर ताप आला होता, तेव्हापासून त्या सुईचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या. नर्सबाईंनी दोनदा घरी येऊन, ताप येतो, गोळीने उतरतो, घाबरायचं नाही, असं सांगितलं. लताने जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. सकाळी सुई झाली आणि संध्याकाळी बाळाला ताप चढला.

मी सरांकडेच होतो. फाटक धाडकन उघडलं आणि ताराबाई आत आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच ओसरीवर चढल्या असतील.

“सर, खरं सांगा. काल आमची लता लेकरू घेऊन इथी आली होती का? शेजारीण सांगून राह्यली.”

“आली होती, बाई.”

“लेकराचं अंग तापलं आहे. लता म्हणते सुईनं तापलं. मी तं आधीच नाई म्हणत होतो. सुईनं झालं असन तं सांगून द्या, तुमी शिकलेले आहा. मी पुन्हा त्या अंगणवाडीच्या पायरीवर लेकराले नेणार नाई. देवाची आण!”

मी सरांकडे पाहिलं. म्हटलं, आता सांगतील. हाच तर त्यांचा विषय. सुईनंतर ताप येतो, सगळ्या लेकरांना येतो, त्यात नजरेचा काय संबंध? एवढं एक वाक्य पुरे होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

“सुईचं काही नाई, ताराबाई,” ते म्हणाले. “मी पाह्यलं लेकराले. छान म्हटलं. म्हणून ताप आला.”

ताराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त सुटका होती. कारण सापडलं होतं आणि त्यावरचा उपायही घरात होता.

“मले वाटलंच,” त्या म्हणाल्या. “उतरवून टाकतो मी. घराचं मी काई म्हणत नाई, सर, तुमी इतके वर्षं राह्यले. पण फाटकाले आतून कडी लावून घ्या.”

“लावतो.”

त्या गेल्या आणि सरांनी खरोखरच उठून फाटकाला कडी लावली. मी संतापलो होतो. म्हटलं, सर, जन्मभर मुलांचे गुण कापले तुम्ही असल्या वाक्यासाठी, आणि आज स्वतः खोटं बोललात?

“मग काय सांगू? सुईमुळे आला?” ते ओसरीच्या पायरीवर बसले. “ते खरं आहे. पण खरं सांगितलं की पुढची सुई गेली, त्याच्या पुढचीही गेली. तिला कोणावर तरी ठेवायचंच आहे. माझ्यावर राहू द्या. मी तसाही जाणार आहे.”

भिंतीपलीकडून मोहऱ्या तडतडल्याचा आवाज आणि मिरच्या जळल्याचा वास आला. आम्ही दोघेही खोकलो. थोड्या वेळाने भिंतीवरून लताचा चेहरा दिसला, रडलेला.

“सर, मी सांगतो आईले. मी आत्ताच सांगतो.”

“तिसरी सुई झाल्यावर सांग,” सर तिच्याकडे न बघता म्हणाले. “गोळी दिली का? दे. आणि जा आत.”

सकाळपर्यंत ताप उतरला. ताराबाईंचा उपाय लागू पडला, असं मोहल्ल्यात झालं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, पहाटेची अंघोळ आणि कॉलेजची ये-जा सोडली, तर सरांनी अंगणात पाऊल टाकलं नाही. कपडे खोलीतच दोरीवर वाळत घालत, खोलीला ओलसर वास यायचा. कॉलेजने निरोप समारंभ केला. भाषणं झाली, शाल झाली. आभार मानताना सर विद्यार्थ्यांना काहीतरी चांगलं म्हणतील या भीतीने पहिल्या बाकावरची हुशार पोरं खाली मान घालून बसली होती. सर म्हणाले, “ही बॅच सरासरी होती.” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ते सिंदेवाहीकडे आपल्या गावी निघाले. तिथे बंद पडलेलं घर होतं, माणूस कोणी नव्हतं. सामान दोन पेट्यांचं. मी आणि नामदेवभाऊ स्टँडवर सोडायला गेलो. नामदेवभाऊंनी पेट्या चढवल्या, सरांचे हात हातात घेतले आणि बैलांची चौकशी करायला बाजाराकडे जातो म्हणून निघून गेले. बाजाराचा दिवस नव्हता.

सूरजागडच्या खाणीकडून आलेले लोहखनिजाचे ट्रक स्टँडसमोरून चालले होते, तांबडी धूळ बसच्या काचांवर बसत होती. सरांनी खिडकीजवळची जागा धरली, खिशातला रुमाल काढून काच पुसली आणि खाली उभ्या असलेल्या मला विचारलं,

“दुसरी सुई झाली का?”

“झाली. परवाच झाली.”

“ताप आला असेल.”

“आला होता. सकाळी उतरला.”

सरांचा चेहरा पडला. “मग? ताराबाई सुईला काय म्हणाल्या?”

मला सांगावं की नाही कळेना. “सुईला काही नाही म्हणाल्या,” मी म्हटलं. “म्हणाल्या, सरांची नजर बहुत जबर आहे, अजून पुरती उतरलीच नाही.”

“आणि तिसरी?”

“नेणार म्हणतात. स्वतः नेणार. म्हणतात, सर चालले, आता काई भेव नाई.”

सर हसायला लागले. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खिशातले चिंचोके खुळखुळले, शेजारची बाई वळून बघायला लागली, आणि हसता हसता त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली तसे ते खिडकीतून थोडे बाहेर वाकले.

“छान,” म्हणाले.